विभाग क्रमांक ४७

पुस्तक लिहिणं अवघड असतं, असं ज्यांनी पुस्तक लिहिलेलं नाही ते म्हणतात. ज्यांनी लिहिलं आहे ते म्हणतात, लिहिणं सोपं, छापून आणणं अवघड. आणि ज्यांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं आहे ते काहीच म्हणत नाहीत. त्यांच्या घरी दिवाणाखाली केरसुणी जात नाही, यावरून ते ओळखायचे.

आमच्या दिवाणाखाली गेल्या वर्षापासून केरसुणी जात नाही. मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आरएमएसमध्ये, ३४ वर्षं काढली. त्यातली उमेदीची वर्षं चालत्या गाडीच्या डब्यात उभ्याने टपालाचं सॉर्टिंग करण्यात गेली. त्या दिवसांवर मी पुस्तक लिहिलं. तीन प्रकाशकांनी 'आवडलं, पण' असं कळवलं. तिघांचाही 'पण' इतका सुरेख होता की मला वाईटसुद्धा वाटलं नाही. शेवटी हिने आपली मुदतठेव मोडली, ९०,००० रुपये छापखान्यात गेले आणि ५०० प्रती रिक्षातून घरी आल्या. सॉर्टिंगला मराठी शब्द असावा म्हणून मी पुस्तकाचं नाव ठेवलं 'चालत्या गाडीतली छाटणी'. आमच्या वाचनालयाने ते गुलाबाच्या लागवडीवरच्या पुस्तकाशेजारी लावलं, ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

प्रकाशन समारंभाला चाळीस माणसं आली, बटाटेवडे बावन्न गेले, पुस्तकं तीन गेली. मग मी जाहिरातीच्या मागे लागलो. वाचनालयाच्या फलकावर कागद लावला, एका साप्ताहिकात ३,००० रुपयांची चौकट दिली, वर्तमानपत्रांत घालून वाटायला ४,००० रुपयांची पत्रकं काढली, ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकला आणि भाच्याला फेसबुकवर लिहायला लावलं. दोन महिन्यांत ४१ प्रती गेल्या. काही घरून, काही त्या ऑनलाइन दुकानातून. मी पेढे आणायला निघालो होतो. तेवढ्यात ही म्हणाली,

"अहो, यातल्या पत्रकांमुळे किती गेल्या?"

मला सांगता येईना.

"मग पुन्हा चार हजारांची पत्रकं काढायची की नाही, हे कसं ठरवणार?"

चौतीस वर्षं मी लोकांची पत्रं कुठून कुठे जातात ते बघितलं. माझं स्वतःचं गिऱ्हाईक कुठून आलं ते मात्र मला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मला तिच्या प्रश्नापेक्षा वेगळंच काही जाणून घ्यायचं होतं. आमच्या डब्यातल्या कुणापर्यंत ते पुस्तक पोचलं का? पण हे कारण हिशेबाच्या वहीत लिहिता येत नाही.

संध्याकाळी नात आली. ती कॉम्प्युटरमधलं काहीतरी शिकते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही सगळीकडे एकच लिंक कशाला दिलीत? प्रत्येक ठिकाणची लिंक वेगळी करायची. पुढे शेपूट लावायचं. कोण कुठून आलं ते आपोआप कळतं."

मी म्हटलं, "अगं, हे तर विभाग क्रमांक ४७!"

तिला वाटलं, आजोबांची तब्येत बरी नाही.

विभाग क्रमांक ४७ ची हकीकत अशी. मी नोकरीला नवा होतो. मुंबईच्या घड्याळवाल्यांना, रेडिओवाल्यांना आणि घरबसल्या इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थांना गावोगावहून जी पत्रं यायची त्यांच्या पत्त्यात 'विभाग ४७', 'विभाग एम-१२' असं काहीतरी असायचं. मी मोठ्या निष्ठेने ४७ चा गठ्ठा वेगळा, ४८ चा वेगळा असं लावत बसलो. आमचे हेड सॉर्टर अण्णा मागे येऊन उभे राहिले. थोडा वेळ माझी निष्ठा बघितली आणि म्हणाले, "बाळ, तिथे विभाग-बिभाग काही नाही. एक खोली आहे, एक टेबल आहे आणि टेबलामागे एक शेठ आहे. तो आकडा आपल्यासाठी नाही, शेठसाठी आहे. सत्तेचाळीस लिहिलं की त्याला कळतं, हे गिऱ्हाईक कुठल्या मासिकातली जाहिरात वाचून आलं." एवढं सांगून अण्णांनी माझे सात गठ्ठे एका हाताने एक करून टाकले.

ही युक्ती शेठचीही नव्हती. ती अमेरिकेतून आली होती. गेल्याच्या गेल्या शतकाच्या अखेरीस तिकडे टपालाने माल विकण्याचं पेव फुटलं. बियाणं, औषधं, कॉर्सेट, पुस्तकं, काय वाटेल ते. एकच जाहिरात पन्नास पत्रांत छापायची, पण प्रत्येक पत्रात पत्ता किंचित वेगळा द्यायचा. कुठे विभाग, कुठे खोली नंबर, कुठे जाहिरातीच्या कोपऱ्यात कापून पाठवायचं कूपन आणि त्या कूपनावर मुंगीच्या अक्षरांत दोन अक्षरं. बिचारा शेतकरी सगळं काही इमानदारीने पाकिटावर उतरवून काढायचा. आपण हेरगिरीचं काम फुकट करतो आहोत, याची त्याला दादही नसायची.

त्या काळी फिलाडेल्फियाला जॉन वानामेकर नावाचे मोठे दुकानदार होते. जाहिरातीवरचा आपला निम्मा पैसा फुकट जातो, फक्त निम्मा कुठला ते समजत नाही, अशा अर्थाचं एक बोलणं त्यांच्या नावावर सांगतात. इंग्लंडात हेच बोलणं साबणवाल्या लॉर्ड लीव्हरह्यूल्म यांच्या नावावर सांगतात. म्हणजे जाहिरातीचा माग लागत नाही असं सांगणारं हे वाक्य नेमकं कोणाकडून आलं याचाच माग लागत नाही. वाक्याला शेपूट लावायला हवं होतं.

त्या निम्म्याचा शोध लावायचा विडा क्लॉड हॉपकिन्स यांनी उचलला. १९०७ साली ते शिकागोच्या एका जाहिरात कंपनीत गेले तेव्हा त्यांचा पगार वर्षाला १,८५,००० डॉलर होता असं सांगतात. हा आकडा मी हिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्यांची मुदतठेव नसेल मोडली." हॉपकिन्सनी १९२३ साली 'सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग' नावाचं एक बारीकसं पुस्तक लिहिलं. त्यातलं तत्त्व एवढंच, की जाहिरात हा पगारी विक्रेता समजावा. त्याने किती माल खपवला ते मोजावं आणि नाही खपवला तर त्याला घरी पाठवावं. सुंदर चित्र, गोंडस भाषा, मालकाच्या बायकोची पसंती, यांना किंमत नाही. कूपनं किती आली? बस. आणि आधी दोन-चार गावांत करून बघा, मगच देशभर पैसे टाका. मी सगळे पैसे एका आठवड्यात टाकून मोकळा झालो होतो.

पण माझ्यासारख्या पदरमोड करणाऱ्या लेखकाचा खरा पूर्वज हॉपकिन्स नव्हे. तो बसला होता कॅन्सस राज्यातल्या जिरार्ड नावाच्या आडगावात. त्याचं नाव इमॅन्युएल ज्यूलियस. बुकबाइंडरचा मुलगा, जन्म १८८९, फिलाडेल्फियाचा. जिरार्डमधल्या एका समाजवादी वर्तमानपत्रात नोकरीला गेला, तिथल्या बँकवाल्यांच्या मार्सेट हाल्डेमन या मुलीशी १९१६ साली लग्न केलं आणि दोघांनी दोन्ही आडनावं जोडून हाल्डेमन-ज्यूलियस केलं. आपल्याकडे हल्ली मुली दोन आडनावं लावतात तर कोपऱ्यावरचा वाणी बिल कोणाच्या नावाने करू म्हणून विचारतो. तिथे १९१६ साली नवऱ्यानेसुद्धा लावलं!

१९१९ साली त्याने दोन चिमुकली पुस्तकं छापली. एक उमर खय्यामच्या रुबाया, दुसरं ऑस्कर वाइल्डची तुरुंगावरची कविता. खिशात बसेल एवढा आकार, साडेतीन इंच बाय पाच, पानं साधारण ६४. सुरुवातीला किंमत २५ सेंट होती. ती उतरत उतरत ५ सेंटांवर आली. पुढे या मालिकेला 'लिटल ब्ल्यू बुक्स' नाव पडलं. शेक्सपिअर, इब्सेन, तत्त्वज्ञान, व्याकरण, कोंबड्या, विवाहितांना सल्ला, नास्तिकवाद, सगळं ५ सेंटाला. विल ड्युरांट यांचं 'स्टोरी ऑफ फिलॉसॉफी' आपल्याकडे पुष्कळांच्या कपाटात असतं, वाचलेलं नसलं तरी असतं. त्याचा जन्मही या निळ्या पुस्तिकांतच झाला. १९२६ साली त्या एकत्र होऊन ग्रंथ झाला.

विक्री सगळी टपालाने. वर्तमानपत्रात पानभर जाहिरात. तिच्यात चित्र नाही की काही नाही, नुसती पुस्तकांची यादी आणि प्रत्येक नावापुढे क्रमांक. हवे ते क्रमांक निवडायचे, डॉलर पाकिटात घालायचा, वीस पुस्तकं घरी. आणि पत्ता अर्थातच 'विभाग अमुक-तमुक, जिरार्ड, कॅन्सस'. म्हणजे पाकीट फोडणाऱ्या कारकुनाला एका दमात तीन गोष्टी कळत होत्या. हे गिऱ्हाईक कुठल्या पत्रातून आलं, त्याला कुठली पुस्तकं हवीत आणि पैसे आले की नाही.

या आकड्यांवर त्या माणसाने काय करावं? त्याने पुस्तकांसाठी इस्पितळ काढलं. तो खरोखरच त्याला हॉस्पिटल म्हणायचा. ज्या पुस्तकाच्या वर्षाला १०,००० प्रती जात नाहीत ते आजारी. त्याला इस्पितळात दाखल करायचं आणि बहुधा नावाची शस्त्रक्रिया करायची. तेवढ्यानेही बरं वाटलं नाही तर पुढची खोली शवागार. माझ्या पुस्तकाच्या ४१ प्रती गेल्या होत्या, तेव्हा मी ही पानं जरा घाईने उलटली.

पण शस्त्रक्रियांची नोंद बघण्यासारखी आहे. गोतिए या फ्रेंच लेखकाची 'सोन्याची लोकर' अशा नावाची एक गोष्ट होती. १९२५ साली तिच्या ६,००० प्रती गेल्या. नाव बदलून 'सोनेरी केसांच्या प्रेयसीचा शोध' असं केलं. १९२६ साली ५०,०००. आत एक अक्षर बदललेलं नाही. व्हिक्टर ह्यूगोचं 'राजा मौज करतो' ८,००० गेलं. राजाला 'कामातुर' हे एक विशेषण लावताच ३८,०००. शोपेनहॉवरची वादविवादावरची पुस्तिका कोणी घेईना. तिचं नाव 'तर्कशुद्ध वाद कसा घालावा' केलं आणि ३०,००० अमेरिकनांना वाद घालायचा हुरूप आला. सगळ्यांत मला आवडलं ते 'लोखंडी मुखवट्याचं गूढ'. ते ११,००० गेलं. मग त्याला 'लोखंडी मुखवट्यातल्या माणसाचं गूढ' केलं. ३०,०००! म्हणजे वाचकाला मुखवटा नको होता, आतला माणूस हवा होता.

१९२८ साली त्याने या सगळ्याचा हिशेब एका पुस्तकात मांडला. पुस्तकाचं नाव 'पहिले दहा कोटी'. गुपित म्हणून लोक जे आकडे तिजोरीत ठेवतात ते त्याने छापून टाकले. कुठल्या पत्रातल्या जाहिरातीला किती खर्च झाला, तिने किती आणले, सगळं. त्याला पुढे पैशाच्याच हिशेबाने दगा दिला. १९५१ साली प्राप्तिकर चुकवल्याबद्दल तो दोषी ठरला आणि त्याच वर्षी घरच्या तलावात बुडून वारला. मुलाने छापखाना चालवला. १९७८ साली ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तो जळाला.

हे सगळं ऐकून नातीने लगेच माझं पुस्तक इस्पितळात दाखल केलं. "आजोबा, नाव बदलू या. 'रात्रीच्या गाडीतली ती'."

"ती कोण?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"ती म्हणजे टपाल," मी म्हणालो. नाव बदललं नाही.

आपल्याकडे हा मोजमापाचा उद्योग फारसा नव्हता, कारण गिऱ्हाईक आधी नावानिशी ठाऊक असायचं. एकोणिसाव्या शतकातली मराठी पुस्तकं उघडा, आश्रयदात्यांची यादीच छापलेली सापडते. अमुक रावसाहेब, पाच प्रती. केतकरांनी ज्ञानकोश काढला तेव्हा कंपनी स्थापून भाग विकले, वर्गणीदार गोळा केले, त्यासाठी स्वतः वणवण केली आणि १९२९ पर्यंत २३ खंड पुरे केले. आणि व्ही.पी.पी. तर होतीच. आमच्या खात्याने ती १८७७ साली सुरू केली. पोस्टमनने पार्सल द्यायचं, पैसे घ्यायचे, ते लेखकाला पोचवायचे. पुष्कळ मराठी लेखकांचा प्रकाशक, विक्रेता आणि वसुली कारकून असा तिन्ही एकच माणूस होता, आणि तो सायकलवरून यायचा.

तर नातीचं शेपूट. तिने मला समजावून दिलेला इतिहास मी माझ्या भाषेत सांगतो. १९९४ साल या धंद्याला फार मोठं. त्या वर्षी ऑक्टोबरात हॉटवायर्ड नावाच्या अमेरिकन इंटरनेट मासिकावर पहिल्या पट्टीजाहिराती लागल्या. त्याच वर्षी नेटस्केपच्या लू मोंटुली या तरुणाने 'कुकी' काढली. म्हणजे गिऱ्हाईक दुकानात आलं की त्याच्या नकळत खिशात एक चिठ्ठी टाकायची, पुन्हा आलं की ओळख पटते. आणि त्याच वर्षी जपानात मोटारींचे सुटे भाग ओळखण्यासाठी ती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची क्यूआर चौकट तयार झाली. हल्ली कोथिंबिरीच्या गाडीवरही तीच असते. १९९६ साली अ‍ॅमेझॉनने दलालीची पद्धत काढली. तुमच्या पानावरून गिऱ्हाईक आलं आणि त्याने पुस्तक घेतलं की तुम्हाला हिस्सा. त्यासाठी लिंकच्या पत्त्यात तुमची खूण घातलेली असते. झालं, विभाग क्रमांक ४७ पुन्हा अवतरला, आणि तोही पुस्तकांच्याच दुकानात.

पुढे सॅन डिएगोच्या अर्चिन नावाच्या कंपनीने या शेपटांना शिस्त लावली. पत्ता संपला की प्रश्नचिन्ह द्यायचं आणि पुढे लिहायचं: कुठून आलं, कशातून आलं, कुठल्या मोहिमेतून आलं. २००५ साली गूगलने ती कंपनी विकत घेतली, पण शेपटावरचं नाव आजही तेच आहे, यूटीएम, त्यातला 'यू' म्हणजे अर्चिन. इंग्रजीत अर्चिन म्हणजे उनाड पोरगं. हे उनाड पोरगं गिऱ्हाइकामागून पळत येतं आणि दारात ओरडतं, "काका, हे वाचनालयाकडून आले हो!"

"पण आजोबा, एक अडचण आहे," नात म्हणाली. "ते दुकानदाराच्या दारात ओरडणार. दुकान आपलं नाही."

म्हणून वाटेत आपली एक चौकी बसवायची. गिऱ्हाईक आधी आपल्या छोट्या लिंकवर येतं, तिथे त्याची मोजणी होते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ते पुढे दुकानात जातं. तिने मला अशा पाच चौक्या करून दिल्या. वाचनालय, साप्ताहिक, पत्रक, संघ आणि भाचा. कागदावरच्या तिघांना क्यूआर, बाकी दोघांना लिंक. जुन्या पत्रकांपैकी काही शिल्लक होती, त्यांच्यावर चौकटीचा कागद चिकटवला. चिकटवण्यात आमचे दोन दिवस आणि डिंकाच्या चार बाटल्या गेल्या.

महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. पहाटे उठून आधी चौक्या बघायच्या. एके दिवशी कळलं, रात्री दोन चाळीसला नागपूरहून कोणीतरी लिंक दाबली. मला भरून आलं. रात्री पावणेतीनला जागं असणारं माणूस, म्हणजे आमच्याच लाइनीतलं कोणी असणार! आरएमएसवाल्याला निवृत्तीनंतरही त्या वेळेला झोप येत नाही. आणि मग जरा लाजही वाटली. पोस्टकार्ड हातात आलं तरी वाचायचं नाही, फक्त पत्ता बघायचा, हे अण्णांनी शिकवलेलं. इथे मी एका अनोळखी माणसाच्या झोपेत डोकावत होतो. नात म्हणाली, "आजोबा, ते यंत्र असेल. रात्री यंत्रं लिंका तपासत फिरतात." त्यामुळे लाज कमी झाली, पण आनंदही गेला.

महिन्याअखेर आकडे आले. वाचनालय ९, साप्ताहिक ६, पत्रक ४, भाचा ६८, संघ १३१. एकूण २१८! मी हिला कागद दाखवला.

"पुस्तकं किती गेली?"

दुकानाचा हिशेब आला होता. ११.

"यातली संघाची किती?"

ते दुकान सांगत नव्हतं. काही मोठी दुकानं लेखकाला तेवढी माहिती देतात म्हणे, आमच्याकडे ती सोय नव्हती. आणि संघाच्या १३१ चाही मी तपास केला. त्यातले वीसेक माझेच, लिंक चालते का ते बघण्यासाठी दाबलेले. निरोपाखाली पुस्तकाचं चित्र दिसावं म्हणून काही वेळा यंत्रानेच लिंक उघडून बघितलेली. आणि संघाचे एक सभासद मला बागेत भेटले ते म्हणाले, "तुमचं ते रोज दाबतो हो मी, पण गाणं काही लागत नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की जिरार्डच्या त्या कारकुनापाशी असलेली एक गोष्ट आमच्या घरात, एवढी यंत्रं असून, नव्हती. त्याच्या हातात एकच पाकीट यायचं. विभागाचा आकडा, पुस्तकाचा क्रमांक आणि डॉलर एका पाकिटात. आमचं पाकीट वाटेत फाटलेलं. आकडा माझ्याकडे, डॉलर दुकानदाराकडे, आणि मधला माणूस कोण ते दोघांनाही माहीत नाही.

म्हणून मी अण्णांच्या पद्धतीने जायचं ठरवलं. दीडशे रुपये देऊन तीन रबरी शिक्के करून घेतले. उरलेल्या ८०० पत्रकांवर शिक्का मारला: 'घरपोच प्रतीसाठी फोन करा. विचारा: आजोबा.' वाचनालयाच्या कागदावर 'विचारा: लेखक'. साप्ताहिकाच्या पुढच्या चौकटीत 'विचारा: साहेब'. फोन हिच्याजवळ ठेवला आणि दिनदर्शिकेवर तीन रकाने आखून दिले. चौतीस वर्षं शिक्का मारलेल्या माणसाला आठशे शिक्के म्हणजे करमणूक. संध्याकाळपर्यंत उरकले.

साहेबांना दोन फोन आले. त्यातला एक विम्याचा होता. लेखकाला पाच आले. एका गृहस्थांनी द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी पुस्तकात आहे का असं विचारलं. हिने सांगितलं, "गाडी नाशिकवरून जाते, पण थांबते दहा मिनिटं." आणि आजोबांना सतरा फोन आले! ज्या पत्रकाला यंत्राने चार मार्क दिले होते, त्याला सतरा. कारण पत्रक वाचणारी माणसं आमच्या वयाची. त्यांना चौकट म्हणजे शब्दकोडं वाटलं. फोन मात्र त्यांना येतो, आणि फोनवर बोलायलाही कोणी हवंच असतं. हिच्या अर्ध्या तासाखाली एकही फोन गेला नाही. सतरातून तेरा प्रती गेल्या, २२० रुपयांप्रमाणे २,८६० रुपये.

"म्हणजे पत्रकांचे चार हजार वसूल?"

"नाही. पण निम्म्याहून जास्त आले."

एक प्रत छापायला १८० रुपये पडले होते, हा भाग मी त्या दिवशी काढला नाही.

मागच्या मंगळवारी दुपारी पुन्हा फोन वाजला. हिने घेतला आणि तोंडावर हात ठेवून मला म्हणाली, "अहो, कोणी बाई आहेत. आजोबा नाही, लेखक नाही, साहेब नाही. म्हणतात, 'बाळ आहेत का?'"

मी फोन घेतला. भुसावळहून अण्णांच्या पत्नी बोलत होत्या. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. पुस्तकातलं तिसरं प्रकरण त्यांच्यावर आहे. त्यांना ते कसं कळलं म्हणून मी विचारलं, तर कोणी शेजारणीच्या जावयाने कल्याणला गाडीत कुणाच्या तरी हातात पुस्तक पाहिलं, चाळलं, त्यात अण्णांचं नाव दिसलं, त्याने ते सासूला सांगितलं आणि सासूने यांना. माझा नंबर त्यांनी अण्णांच्या जुन्या डायरीतून काढला, त्यात मी 'बाळ' या नावाने आहे. "तीन प्रती पाठव," त्या म्हणाल्या. "दोन मुलांना आणि एक मला. मला आता दिसत नाही फारसं, नातू वाचून दाखवेल. आणि पैसे घेतले पाहिजेस, फुकट नको."

मी दिवाणाखालून तीन प्रती काढल्या. ही दिनदर्शिका घेऊन समोर उभी.

"हे कुठल्या रकान्यात घालू?"

मी पार्सलवर पत्ता घालत होतो. नाव, घर, गल्ली, भुसावळ. मग पिनकोड, ४२५२०१, एकेक आकडा सुटा, अण्णांना आवडायचा तसा.

"अहो, कुठल्या रकान्यात?"

तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग तारखांच्या खाली, दुधाच्या हिशेबाशेजारी जागा होती तिथे लिहून टाकलं: भुसावळ, तीन.